मेंदीबायचं अंगण

मेंदीबाय कुणाच्याही घरी पहिल्यांदा आल्या, की चहापाण्याच्या आधी गॅलरीत जायच्या. कठड्याला धरून खाली वाकायच्या आणि शेजारच्या स्वतःच्याच अंगणाकडे टक लावून बघायच्या. मग मागे वळून विचारायच्या, "हितून काय काय दिसतंय, सांग गो."

मी भुईगावात राहायला आले त्याच आठवड्यातली ही गोष्ट. आमची चार मजली इमारत नवी होती आणि दुसऱ्या मजल्यावरचं आमचं बिऱ्हाड त्यांच्या कुंपणाला अगदी लागून होतं. मी खाली पाहिलं. केळीची पानं, एक मांडव, मांडवावर पसरलेले वेल.

"काही नाही दिसत, काकी. नुसतं हिरवं."

"त्या कोपऱ्यात?"

"तिथे थोडी फरशी दिसतेय."

त्यांनी तिथे नीट निरखून पाहिलं, मान हलवली आणि चहा न घेताच निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात घोसाळ्याच्या बिया पेरल्या गेल्या आणि दीड महिन्यात फरशी दिसायची बंद झाली. "बाई तऱ्हेवाईक आहे," असा ह्यांनी निकाल दिला. मलाही तसंच वाटलं.

त्यांचं खरं नाव इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या बाजूला त्यांनी डोक्याच्याही वर जाईल अशी दाट मेंदी वाढवली होती, म्हणून मेंदीबाय. सकाळी त्या सोनचाफ्याची फुलं घेऊन पापडीच्या बाजारात बसायच्या, दहा-साडेदहाला परत यायच्या आणि मग दिवसभर झाडांत. मेंदीचा शेंडा खुडत राहिलं की ती बुडापासून भरते, केळ वर्षात उंच होते, पण वरच्या मजल्यावरून बघणाऱ्यासाठी मांडवच हवा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. मांडवावर कृष्णकमळ होतं. इमारतीचा चौथा मजला चढला तेव्हा त्यांनी मांडव आणखी दोन हात पुढे आणला होता, असं वॉचमन सांगायचा.

एकदा मी हौसेने त्यांना बोगनवेलीचं रोप नेऊन दिलं. संध्याकाळी ते परत माझ्या दारात. "काटं हायत गो. माझ्या आंगनात काटं नाय चालत." कुठलंही नवं रोप लावण्याआधी त्या त्याचं पान स्वतःच्या गालावर घासून बघायच्या. खरखरीत लागलं, खाजलं, की रोप बाद. मला त्याचं हसू यायचं.

"एवढा खटाटोप कशाला, काकी? सरळ भिंत घाला की उंच," मी एकदा म्हटलं.

"भिंतीनं नजर आडते, तसा वारा पन आडतो. मला वारा पायजे."

आत मात्र त्यांनी कुणालाच कधी बोलावलं नाही. फाटकातच उभं राहून बोलायचं, केळी हातात द्यायची आणि फाटक लावून घ्यायचं. गावातले जुने लोक त्यांच्याविषयी विचारलं की विषय बदलायचे. आम्ही इमारतीतल्यांनी त्याचा अर्थ आमच्या परीने लावला होता. कुणी म्हणे जादूटोणा करते, कुणी म्हणे नवऱ्याच्या मागे डोक्यावर परिणाम झालाय.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता इमारतीत तिघांना डेंग्यू झाला. त्यातले एक आमचे हे. त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये एक धामण निघाली. सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन दारोदार फिरले. शेजारच्या झाडीमुळे डास आणि साप येतात, तरी आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या आणि वेल सोसायटीने छाटून घ्यावेत, असा मजकूर. मी तेव्हा हॉस्पिटलमधून डबा घेऊन परतले होते. सही केली. न वाचता केली, असं मी पुढे बरेच दिवस लोकांना सांगत असे. कागद वाचला होता.

छाटायला चार माणसं आली ती सकाळी नऊला, मेंदीबाय बाजारात असताना. यंत्राचा आवाज ऐकून मी गॅलरीत आले. त्या माणसांनी आधी आमच्याकडे झुकलेल्या केळी पाडल्या. मग आमच्या पाण्याच्या पाइपावर चढलेला कृष्णकमळाचा वेल दोघांनी मिळून ओढला. वेल तुटला नाही. त्याच्याबरोबर मांडवच आला. एक खांब कुजलेला असावा. तो मोडला आणि सगळा मांडव कडकड करत आमच्या बाजूला आडवा झाला.

खाली अंगणात खुर्चीवर एक बाई बसली होती.

तिच्या अंगात पातळ मलमलचा झगा होता आणि खांद्यांवर ओला पंचा. डोक्याच्या एका बाजूला केस नव्हते. मान, हात, अर्धा चेहरा भाजून आवळलेला, जुन्या जखमांचा. ती किंचाळली नाही, पळाली नाही. वरून एकदम ऊन पडल्यावर माणूस बघतं तशी तिने वर पाहिलं. चार मजल्यांच्या सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवढ्यात वर तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी मोबाइल काढला.

"आत व्हा! सगळे आत व्हा!" मी ओरडले, तो माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. वाळत घातलेली चादर ओढून मी जिन्याने धावत सुटले. मेंदीबायच्या फाटकातून आत शिरायची ती माझी पहिली वेळ. मी चादर त्या बाईभोवती धरून उभी राहिले. तिच्या अंगाला हात लावायची छाती होईना. तिचं अंग चादरीतूनही तापलेलं लागत होतं.

मेंदीबाय आल्या तेव्हा रिकामी टोपली त्यांच्या डोक्यावरच होती. ती कधी खाली पडली ते त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी त्या बाईला घरात नेलं, दार लावलं आणि बाहेर येऊन पडलेल्या मांडवाकडे बघत राहिल्या.

"कोनी सांगितलं ह्यांना?"

"आम्ही सगळ्यांनी," मी म्हटलं. "माझीही सही आहे."

त्या जाऊन पायरीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती त्यांची मुलगी, शैला. लग्न करून ती फुलपाड्याला भाड्याच्या खोलीत राहत होती. एका सकाळी सिलिंडर गळत होता आणि तिने चहासाठी काडी ओढली. वाचली, पण नवरा हॉस्पिटलमधूनच निघून गेला. "भाजलेल्या कातडीला घाम येत नाय गो," मेंदीबाय पायरीवर बसून सांगत होत्या. "घरात कोंडली की तिची तलखी होते, ताप चढतो. बाहेर सावली पायजे, वारा पायजे. आन् बाहेर मानसं. एकदा तिला बघून कोनाचं पोर रडलं, तवापासून ती रस्त्यावर गेली नाय. मग मी काय करू? मेंदी लावली."

दुपारी सेक्रेटरी आले. फाटकाबाहेर हात जोडून उभे राहिले.

"हात नको जोडू," मेंदीबाय म्हणाल्या. "खड्डं खन."

आणि त्यांनी खणले. नोकरीवाला माणूस, तळहाताला फोड आले तरी खणत राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्याने मोबाइलमधला फोटो मेंदीबायसमोर काढून टाकला. मांडवावर तात्पुरती हिरवी जाळी बांधली, बांबूचे नवे खांब रोवले, लवकर वाढतो म्हणून दुधी लावला. पण ऑक्टोबरचं ऊन वेलाच्या वाढीसाठी थांबत नाही. शैला बाहेर आली नाही. आत तिला दोनदा ताप चढला. मेंदीबाय दिवसभर तिच्या अंगावर ओले पंचे बदलत राहायच्या आणि मी दर रविवारी जाऊन झाडांना पाणी घालायची. एवढंच मला करता येत होतं.

दुधी मांडवभर झाला त्या सुमाराला मी केळीच्या बुडाशी खत घालत होते. आतून आवाज आला, "आई, ती बाई गेली का?"

"नाय. खत घालतेय."

"मग तिला पानी दे."

शैलाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. पुढे ती पुन्हा बाहेर बसू लागली, पण मी असले की आमच्या मध्ये केळीची रांग असे. त्या रांगेपलीकडून आम्ही गप्पा मारायचो. तीन वर्षं अशी गेली.

ह्या उन्हाळ्यात मेंदीबाय गेल्या. बाजारातून आल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या आणि डॉक्टर येईपर्यंत संपल्या. गाव जमलं, आमची सगळी इमारत जमली. भाऊबंदांपैकी एकाने मडकं घ्यायची तयारी केली. तेवढ्यात दार उघडलं आणि शैला बाहेर आली. साधी सुती साडी, पदर खांद्यावर. डोकं उघडं, तोंड उघडं.

माणसं अक्षरशः थिजली. कुठे बघावं ते कुणाला कळेना. मी छत्री घेऊन पुढे झाले, आडोसा करायला.

"नको," ती म्हणाली. "तिला एकटीला कशी पाठवू?"

मडकं तिने घेतलं. वैशाखाच्या उन्हात, भर रस्त्याने, दोन्हीकडे माणसं उभी असताना ती सगळ्यांच्या पुढे चालत मसणवटीपर्यंत गेली. अग्नी तिनेच दिला. ज्वाळा उसळली तशी ती थरथरली, पण मागे सरली नाही. मी तिच्या बाजूला उभी होते. तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं. हनुवटी अगदी आईची होती.