दादाने न दिलेला अर्ज

गुरुवारी सकाळी दादा दाढी करायला गेला आणि सलूनच्या खुर्चीतच गेला.

एका गालाची झाली होती. सलूनवाल्याने दुसऱ्याही गालाची केली आणि मगच घरी निरोप पाठवला. नंतर तो मला म्हणाला, "मले वाटलं डोया लागला त्यायचा. नेहमीच लागे. आन् समजल्यावर अर्धी दाढी ठेवून कसं पाठवू, ताई?" मला त्याचं म्हणणं पटलं. दादा इतका गुळगुळीत कधीच दिसला नव्हता.

तेरवीनंतरच्या पहिल्याच रविवारी भिंतीच्या समितीची बैठक आली. आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून पायी जाण्यासारखं, आणि गावाला फुटबॉलचं वेड. ग्रामपंचायतीने मैदानाला भिंत बांधली तेव्हा रस्त्याकडचा तुकडा आम्हाला दिला. गावच्या निवृत्त खेळाडूंची आणि प्रशिक्षकांची नावं तिथे रंगवायची होती. कोणाची, ते समितीने ठरवायचं. समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष पीटीचे सर. एके काळचा लेफ्ट विंग, आता टेलर. एके काळचा सेंटर फॉरवर्ड, जो पुढे एसटीत कंडक्टर झाला आणि तिथून निवृत्त झाला. आणि मी. मी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. शाळेच्या वाचनालयात होते आणि अक्षर बरं आहे, म्हणून वही माझ्याकडे.

दोन वर्षं आम्ही टेलरच्या दुकानात बसून भांडत होतो. सरांचं नाव प्रशिक्षक म्हणून घ्यावं की नाही, यावरच एक उन्हाळा गेला. सरांनी ऑफसाइडचा नियम पुस्तकातून वाचला होता आणि पोरांना समजावा म्हणून सोपा केला होता: मैदानातल्या बाभळीच्या पुढे उभा राहील तो ऑफसाइड. आमची टीम पंधरा वर्षं तसंच खेळली. मग आसेगावला मॅच झाली आणि तिथे बाभूळच नव्हती.

"सर, तुमच्यामुळं आमी त्या दिवशी झाड शोधत हिंडलो," टेलर म्हणायचा.

"पण एकही ऑफसाइड झाला का?" सर विचारायचे. सरांचं नाव मंजूर झालं.

त्या रविवारी विषय दादाचा होता. टेलरनेच काढला. माझ्याकडे न बघता, शर्टाला काज करत तो म्हणाला, "बुढ्याचं नाव घ्या आता. तीस वर्सं गोलमंदी उभा होता."

"उभाच होता," कंडक्टर म्हणाला. "रिठदच्या मॅचमंदी चेंडू आत गेला तवा तो कुंपनापल्याड कोन्या मान्साले सोयाबीनवर काय फवारावं ते सांगून राह्यला होता."

"त्या मान्साचं पीक तं चांगलं आलं ना?"

मला हसू आलं. तेरा दिवस सगळे दादाबद्दल तो देवमाणूस असल्यासारखं बोलत होते. तो कोण होता हे आठवून देणारं कोणीतरी शेवटी भेटलं.

"खेळाचं सोडा," कंडक्टर म्हणाला. "नियमात बसते का तो? ताई, वाचा बरं पयला नियम."

मी वाचला. अक्षर माझंच होतं. 'खेळाडूने खेळणे थांबवलेले असावे व तसे समितीला लेखी कळवलेले असावे.'

"त्यानं अर्ज देल्ला का?"

"नाही."

"मेला म्हंजे थांबला ना रे," टेलर म्हणाला.

"पन लेखी कुठं देल्लं?"

सर मला म्हणाले, "तू लिहून टाक. घरातलंच अक्षर. मागची तारीख घाल." सरांनी नियम सोपे करायची सवय अजून सोडली नव्हती.

मी पेन उघडलं. 'मी खेळणे थांबवत आहे' एवढंच लिहायचं होतं. दादाच्या नावाने मी आजवर कितीतरी अर्ज लिहिले होते. गॅसचे, विजेच्या मीटरचे. हा लिहवेना. पेन बंद केलं.

"मले त्याचं वाईट वाटत नाई असं नाई," कंडक्टर म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "पन मी अर्ज देल्ला. दोन वर्सं झाले, रविवारी भितीवर बसून पाह्यतो. ह्या भितीसाठी. आन् तो शेवटच्या रविवारपर्यंत खेयला. त्याले खेयनंबी भेटलं आन् भीतबी भेटन? मंग मी येडा का?"

त्याचं खरं होतं. म्हणून मी सांगितलं.

तो नियम मी दादासाठी केला होता. वाशिमच्या डॉक्टरने त्याला पळू नका म्हणून बजावलं होतं. "गोलकीपरले कुठं पयावं लागते?" असं म्हणत तो दर रविवारी बूट घालायचा. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि माझं तो ऐकत नसे. भिंतीच्या लोभाने तरी अर्ज देईल, असं मला वाटलं. दोनदा त्याच्यासमोर कागद ठेवला. तो म्हणाला, "भितीवर मेलेल्यायचे नावं लिहितात. मी जित्ता हाओ," आणि त्याच कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे घेऊन गेला.

"म्हंजे नियम एकट्या त्याच्यासाठी होता?" कंडक्टरने विचारलं.

"हो."

"आन् सापडलो मी?"

"हो."

"मंग मी कायले बसून राह्यलो ओ ताई दोन वर्सं?"

टेलर इतका हसला की त्याला टाचणी टोचली. सरही हसले. कंडक्टर हसला नाही. त्याने हात पुढे केला. "माहा अर्ज द्या."

मी वहीतून काढून दिला. त्याने तो वाचला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. "माहं नाव काढा. येत्या रविवारपासून मी खेयतो. त्याचं लिहा."

"गुडघा?" सरांनी विचारलं.

"गुडघा माहा हाये."

सरांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि पहिला नियम स्वतः खोडला. खाली लिहिलं, 'खेळाडू आता खेळत नसावा.' ते का, हे विचारायचं नाही, असं तोंडी ठरलं. मग चहा आला. नेहमीप्रमाणे पाच कप आले, कारण बैठकीला दादा न बोलावता येऊन बसायचा. पाचवा सरांनी घेतला.

भिंतीवर आता नऊ नावं आहेत. दादाचं सहावं आहे. कंडक्टरचं नाही, तो रविवारी खेळतो. घरात मी एकटी असते.