रोटी घाटातले गेटपास

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत मच्छिंद्र नऊ वर्षं ड्रम भरत होता, आणि नऊही वर्षं तो ठेकेदाराचाच माणूस होता. कायम व्हायची घाई इतकी, की भावाच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावापुढं 'कंपनीत परमनंट' असं छापूनही मोकळा झालेला. त्याच्या गावात, वडगाव रासाईत, काही घरांनी ती पत्रिका अजून जपलीय, हसायला.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात त्यानंच टूम काढली. चौदा जणांनी आपापले गेटपास वॉचमनच्या टेबलावर टाकायचे आणि घाटापलीकडच्या दुसऱ्या प्लांटपर्यंत चालत जायचं. मालक तिथं बसतात. कायम करा, म्हणून त्यांनाच सांगायचं.

"यष्टीनं जाऊ की," दौंडचा सुभान म्हणाला.

"यष्टीनं गेलो तर पाशिंजर. चालत गेलो तर मोर्चा."

पाटसपर्यंत घोषणा दणक्यात झाल्या. रोटी घाटाची चढण लागली तसा घसा बसला आणि चपलांचे अंगठे तुटायला लागले. डांबर तळव्याला चिकटत होतं. झाड म्हणावं तर बाभूळ, आणि तिची सावली तिलाच पुरत नव्हती.

एवढ्यात मागून कंपनीचा टेंपो आला. पुढं ठेकेदाराचा सुपरवायझर मारुतराव, पायाशी गार पाण्याचा जार, मांडीवर पिशवी. पिशवीत तेच गेटपास. मारुतराव भांडला नाही की रागावला नाही. पासावरचं नाव वाचायचा, पाण्याचा ग्लास पुढं करायचा. पहिला चढला चांगदेव. पाटसच्या चौकात सगळ्यांत मोठ्यानं ओरडला होता तोच. दर वळणाला टेंपो थांबायचा आणि मोर्चा दोन-तीन माणसांनी आखूड व्हायचा.

मच्छिंद्र मनात एक उत्तर घोटत चालला होता. 'पास ठेवा तुमच्याकडंच, मी मालकाशी बोलतो.' माथ्यावर पोचेपर्यंत त्या उत्तराचा दम गेला होता. आता तो फक्त आपल्या नावाची वाट बघत होता.

नाव आलं सुभानचं.

"मच्छिंद्रा," सुभान खाली बघत म्हणाला, "दोघांचा मोर्चा व्हतो का रं कुठं?"

"आन् एकट्याचा?"

"म्हणून तर म्हणतो, तूबी चल."

मच्छिंद्र पुढं झाला. मारुतरावानं पिशवी उलटी केली. रिकामी.

"माझा पास?"

"एक्केचाळीस नंबर ना? तो सकाळीच दिला नव्या माणसाला."

"कुणाला?"

मारुतरावानं मागं टेंपोत बघितलं. चांगदेव एकदम वाकून चपलेचा अंगठा दुरुस्त करू लागला. त्याचा मेव्हणा दोन वर्षं घरी बसून होता, हे अख्ख्या एमआयडीसीला ठाऊक होतं.

मच्छिंद्रनं टोपी काढून तोंड पुसलं. पुढं रस्ता होता, पण चालायला सोबत नव्हती.

"मारुतराव, खालपर्यंत तरी सोडा."

"बस की. मी काय वैरी हाय का तुझा?"

तेरा पासवाल्यांच्या मधे तो उकिडवा बसला. सुभाननं पाण्याचा ग्लास दिला, तो त्यानं घेतला.

टेंपो वळून परत कुरकुंभला आला. गेटवर एकेक जण पास दाखवून आत गेला. सुभान जरा रेंगाळला, मग तोही गेला. वॉचमन मच्छिंद्रबरोबर नऊ वर्षं एकाच पुडीतला तंबाखू मळत आला होता. त्यानं फाटक अर्धं लोटलं आणि रजिस्टर उघडून विचारलं,

"कुणाला भेटायचंय?"

"कुणाला न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.