जिथं बिस्मिल्ला नाही

त्या दिवसांत माझी एक नमाज चुकत नव्हती, सकाळचं कुराणपठण चुकत नव्हतं, आणि तरीही मन कशातच लागत नव्हतं. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. वसईच्या शाळेत दिवसभर मुलांवर घसा फोडायचा, येताना रॉकेलच्या रांगेत तिष्ठायचं आणि घरी येऊन माच्या, म्हणजे माझ्या आईच्या उशाशी पेजेची वाटी धरून बसायचं. मा दोन घोट घ्यायची आणि तोंड भिंतीकडे फिरवायची. डॉक्टरला दुखणं सापडत नव्हतं. मला मात्र ते ठाऊक होतं, कारण ते मीच लावलं होतं.

माझी मा निरक्षर. लहानपणी तिला कुणी अरबी शिकवलं नाही, मराठीही नाही. पण आमच्याकडच्या जुन्या बायकांची एक रीत होती. हातपाय-तोंड धुऊन वजू करायची, डोक्यावर पदर घ्यायचा, लाकडी तिवईवर कुराण उघडायचं आणि एकेका ओळीवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत प्रत्येक ओळीला एकदा ‘बिस्मिल्ला’ म्हणायचं. अब्बा गेल्यापासून, त्यांना सवाब म्हणजे पुण्य मिळावं म्हणून, मा रोज सकाळी त्यांच्या नावानं असं वाचायची. ती याला वाचणंच म्हणायची.

मी तेव्हा एका मौलवींच्या बायकोकडे कुराण शुद्ध वाचायला शिकत होते. कुठलं अक्षर घशातून काढायचं, कुठं थांबायचं, काय धर्मातलं आणि काय लोकांनी मागाहून घुसवलेलं, म्हणजे बिदअत, हे सगळं नवं नवं डोक्यात भरलं होतं. जीभ आधीच तिखट, त्यात ही विद्या! अब्बांच्या बरसीला शेजारपाजारच्या बायका पठणाला जमल्या होत्या. माचं बोट ओळीवरून फिरताना पाहून मी सर्वांसमोर म्हणाले, “मा, हे वाचणं नव्हे. ही बिदअत आहे. अब्बांना यातलं काही पोचत नाही.”

मानं कुराणाचं चुंबन घेतलं, कापडी बासनात गुंडाळलं आणि फडताळावर ठेवून दिलं. त्या दिवसापासून तिनं त्याला हात लावला नाही. मग बोलणं कमी झालं, मग जेवण. महिन्याभरात अंथरुणाला खिळली. मी चुकीचं काही बोलले नव्हते, असं मी रोज स्वतःला सांगायचे आणि रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. इतकी थकले होते की दुआ मागतानाही शब्द सुचत नसत.

असंच एकदा टॉनिकची बाटली घेऊन एस्टी स्टँडवर बसले होते. मनाला धीर म्हणून ओठातल्या ओठात कुराणातला एक अध्याय, एक सूरा म्हणत होते. शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते, मांडीवर अत्तराच्या कुप्यांची पेटी. ते हळूच म्हणाले, “बेटी, पढतेस छान. पण इतकी धावतेस कशाला? कुणी मागं लागलंय का?”

मला रडूच कोसळलं. परक्या माणसापुढे सगळं सांगून टाकलं. बोट, बिस्मिल्ला, बरसी, पेजेची वाटी. मला वाटलं, एक तर ते मला शाबासकी देतील, नाही तर रागावतील. ते म्हणाले, “थांबवलंस, ठीक केलंस. मग शिकवलंस का?”

“आता या वयात?”

“अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब आहे, हे शिकवलं नाही तुला कुणी?” एवढ्यात त्यांची एस्टी लागली. पेटी सावरत ते चढले. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे मशिदीत, बाजारात चौकशी केली. असा अत्तरवाला कुणाला माहीत नव्हता.

घरी जाऊन मी फडताळावरचं बासन काढलं आणि माचा हात धरला. “मा, माझं चुकलं. बोट दे.” तिनं बराच वेळ हात मुठीतच ठेवला. मग एक बोट उघडलं.

एकच वाक्य शिकवायचं ठरवलं, तिच्या ओठी जन्मभर असलेलं. पाटीवर त्यातलं पहिलं अक्षर, ‘बे’, काढलं. मा म्हणाली, “ही होडी, आन खाली टिंब.” दुसऱ्या दिवशी अक्षरं जोडून दाखवली, तर ‘बे’चा नुसता छोटा दांडा उरला आणि ती वैतागली. “होडी खय गेली? बुडवलीस काय गो?” मला हसू आलं. किती दिवसांनी! पाणी मागितलं तिनं, मग पेजही.

महिना लागला. पण तिला छापलेली बिस्मिल्ला अक्षर अक्षर लावून वाचता येऊ लागली. प्रत्येक सूरेच्या डोक्यावर नक्षीची पट्टी आणि तिच्याखाली बिस्मिल्ला. रोज सकाळी ती एक पट्टी शोधायची, खालची बिस्मिल्ला अडखळत वाचायची आणि पुढच्या काही ओळी मी वाचून दाखवायचे.

नवव्या पट्टीखाली तिचं बोट थांबलं. पुढे गेलं, मागं आलं. “हितं बिस्मिल्ला नाय,” ती म्हणाली. “कोन इसारला?”

सबंध कुराणात एवढीच एक सूरा बिस्मिल्लाशिवाय सुरू होते. ज्या बोटानं जन्मभर ओळ न् ओळ सारखीच मानली, त्याला आज नसलेलं अक्षर दिसलं होतं. मा वाचत होती.

“कुणी विसरलं नाही मा. ही सूरा अशीच आहे.”

“नाव काय हिचा?”

“तौबा,” मी म्हणाले, आणि डोळे भरून आले. तौबा म्हणजे पश्चात्ताप.

मानं माझ्याकडे पाहिलं. पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, “मग हितं गप ऱ्हायाचा. रडू नको. वाच.”

मा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून शुद्ध वाचते, मुलींना शुद्ध शिकवते, बिदअतीला बिदअतच म्हणते. पण कुणाचं बोट ओळीवरून काढायच्या आधी त्याला अक्षर द्यायचं, हे मला स्टँडवर शिकवणारा माणूस ज्या अल्लानं पाठवला, त्याचे आभार मानायला मला शब्द पुरत नाहीत. नवव्या सूरेपाशी पोचले की मी क्षणभर थांबते. मानं सांगितलंय, इथं गप्प राहायचं.