गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला मॉनिटर

मंडळी, तलासरीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आज घरचा जुना मॉनिटर लॅपटॉपला जोडला आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला. आधी त्यावर नुसता वॉलपेपर दिसत होता. सेटिंगमध्ये ‘डुप्लिकेट’ केल्यावर माझीच स्क्रीन तिकडे दिसायला लागली.

पहिल्याच बाई मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. मी रेशनकार्ड बघून फॉर्म भरला. त्या स्क्रीनवर बोट ठेवून हळूहळू वाचत होत्या.

“दादा, हा तर पोरीचा काका. बाप नाय.”

एकाच कार्डावर दोन भाऊ होते, माझी ओळ चुकली होती.

सहा वर्षं मी प्रत्येकाला विचारतोय, “बरोबर आहे ना?” सगळे मान हलवायचे. त्यांना दिसायची फक्त लॅपटॉपची पाठ.

तुमच्या टेबलावर स्क्रीनचं तोंड कुणाकडे आहे?