आत्याची पूर्ण सीट

पडदा वर जातो तो सकाळच्या कोवळ्या उन्हात. अंगणात राखाडी गाडी उभी. पण तिचा थाट बघा: नाक आभाळाकडे, बूड जमिनीला टेकायला आलेलं, मागची चाकं मडगार्डात अर्धी गडप. शेजारी पर्स छातीशी धरून आत्या. आयुष्यभर शिवणयंत्र चालवलेली, चांगली ऐसपैस बांध्याची बाई.

भाच्याने गाडीभोवती एक फेरी मारली. चाकाकडे पाहिलं, मग आत्याकडे. निकाल त्या नजरेतच लागला होता.

"आत्या, तू उद्याच्या बसने ये. गाडी फार बसलीय गं."

उद्या! उद्या सकाळीच तर घाटापलीकडच्या शहरात आत्याच्या थोरल्या बहिणीला ऑपरेशनसाठी आत नेणार होते. तू दिसल्याशिवाय मी आत जायची नाही, असं ती फोनवर लहान मुलीसारखं बोलली होती. बस पोचणार दुपारी.

आत्याच्या अंगाची लाहीलाही झाली. तिने जन्मभर हे ऐकलं होतं. ती झोपाळ्यावर बसली की कुणीतरी कड्या तपासायचं, होडीत पाय टाकला की नावाडी उगाच खोकायचा. आणि आत्या सगळ्यांच्या आधी स्वतःच हसून घ्यायची. कुणाच्याही गाडीत ती अर्ध्या सीटवर बसे, वरची कडी धरून, श्वास रोखून. जणू तेवढ्याने चाकांवरचा भार कमी होणार होता. आणि आज कोण बोललं? ज्याचा शाळेचा एकेक सदरा तिने शिवणीत कापड जास्त सोडून बेतला, की पोर अंगाने भरलं तर उसवून मोठा करता यावा, तो!

तिने मागचं दार उघडलं आणि सामानावर पांघरलेली रजई ओढली. खाली फरशांची खोकी. डिकीत खोकी, मागच्या सीटवर खोकी, पायाशी खोकी. नव्या घराच्या स्वयंपाकघरासाठी. भाच्याचं म्हणणं, फरशा चपट्या असतात, तळाशी गप पडून राहतात, त्यांचं असं काय ते वजन?

आत्या वाद घालत बसली नाही. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे गाड्या तोलायचा काटा होता, तिथे गाडी घ्यायला लावली. भाचा आणि भाचेसून आत बसलेले. आत्या मुद्दाम लांब उभी राहिली, पर्ससुद्धा हातात ठेवून. भंगारवाल्याने आकडा वाचला. दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. माणसं, सामान सगळं धरून गाडीचं वजन किती चालेल ते तिच्यावर लिहिलेलं. भाचेसुनेने ती वाचली आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. आत्या गाडीत नव्हती, तरी गाडी मर्यादेच्या कितीतरी वर गेली होती.

"घाटात ब्रेक दाबाल ना साहेब," भंगारवाला म्हणाला, "तर गाडी तुमचं नाही, फरशांचं ऐकेल."

भाच्याने अजून हार मानली नव्हती. निम्मी खोकी टपावर बांधू म्हणाला. टपावर ठेवलं म्हणून वजन हवेत विरत नाही, उलट वळणावर गाडी कलंडेल, असं भंगारवाल्याने सुनावलं. तोवर भाचेसुनेने पहिलं खोकं खाली उतरवलंही होतं. बाकीची भाच्याने उतरवली, कमरेवर हात ठेवत, कण्हत. चपट्या फरशा भंगारवाल्याच्या भिंतीला लागून राहिल्या. पुढच्या खेपेला थोड्या थोड्या न्यायच्या ठरल्या.

गाडीने बूड वर उचललं. आता आत्या चढली, पुन्हा काटा झाला. आकडा पट्टीच्या आत, चांगला आत. भाचा ओशाळून म्हणाला की तो आपला सहज बोलून गेला होता. सहज! सहज म्हणून तर ती इतकी वर्षं अर्ध्या सीटवर बसली होती.

भाचेसून आपण होऊन मागे गेली. आत्या पुढे येऊन बसली, पण मागे खोकी मावावीत म्हणून भाच्याने ती सीट पार पुढे ओढलेली. गुडघे डॅशबोर्डला टेकत होते. भाच्याने किल्ली फिरवली. आत्याने त्याच्या हातावर हात ठेवला.

"आधी सीट मागे सरकव. आज मी पूर्ण बसणार आहे."