दोन हातांचा बुके

शेवगावच्या आसपास गेल्या पंचवीस वर्षांत जी म्हणून लग्नं लागली, त्यातलं एकही माझ्या थोरल्या मामेबहिणीच्या, अक्काच्या, फुलांशिवाय लागलेलं नाही आणि गेल्या वैशाखापर्यंत त्यातल्या एकालाही ती हजर नव्हती. पहाटेपासून ती कार्यालयात राबते, हार ओवते, मांडव सजवते आणि नवरी खोलीतून बाहेर यायच्या आत चप्पल घालून निघते. कारण विचारलं की म्हणते, "मागं दुकानात फुलं सुकत्यात." खरं कारण आम्हा घरच्यांना माहीत आहे. विशीत तिचा साखरपुडा झाला आणि लग्नाला आठ दिवस उरले असताना तिकडून नकाराचा निरोप आला. पुढं तिनं फुलांचं दुकान टाकलं आणि तो विषय कायमचा मिटवला.

फुलांच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. वास नसलेल्या फुलाला ती नकोशा पाहुण्यासारखं वागवते, म्हणजे बस म्हणते पण चहा विचारत नाही. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या धोतरात गुंडाळताना त्यांना दटावते, "आत्ताच उठू नका गं, मुहूर्त साडेबाराचा हाय." एका वरबापानं स्टेजला प्लास्टिकची फुलं सुचवली, तेव्हा शांतपणे म्हणाली, "मग नवरीबी तसलीच आना. दरसाल पुसून ठेवता येईल."

गेल्या वैशाखात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. लग्नाच्या याद्यांची माझी वही तयार होतीच. फुलांच्या पानावर तीन ओळी होत्या: हार, बुके, अक्का थांबली पाहिजे. पहिल्या दोन माझ्या हातातल्या होत्या. तिसरीसाठी मी महिनाभर तिच्या दुकानात खेटे घातले. दर वेळी ती मला गजरा देऊन वाटेला लावायची.

लेकीला पुण्यात पाहिलेला बुके हवा होता: पांढरी ऑर्किडं, परदेशी पानं, सॅटिनची रिबीन. अक्कानं मोबाईल हातभर लांब धरून फोटो पाहिला. "ह्याला वास कुठाय?"

"मावशी, फोटोत वास येत नाही."

"मोगऱ्याच्या फोटोत येतो," अक्का म्हणाली.

शेवटी तह झाला. ऑर्किडं लेकीची, पण भोवती मोगरा, निशिगंध आणि अबोली. परदेशी पानांऐवजी मरवा. रिबिनीऐवजी माझ्या विरलेल्या पैठणीचा काठ. बांधायला केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, ओला दोरा. अक्काला एकही फूल वगळवेना. लग्नादिवशी तिनं तो लेकीच्या ओंजळीत ठेवला, तेव्हा लेक वाकलीच. "मावशी, हा बुके आहे की कळशी?"

"दोन्ही हातांनी धर. लई सुरेख दिसतीस," असं म्हणत अक्का दाराशी चप्पल शोधू लागली.

तेवढ्यात माझा भाऊ आत आला. "चला भाचीबाई," म्हणून त्यानं हात पुढं केला. लेकीनं एक हात सोडला आणि बुके कलला. भाऊ हसला. "अक्का, नवरीला मामा हात धरून नेतो, एवढंबी ठावं न्हाई व्हय तुला?"

"मी कधी पाह्यलंय?" अक्का म्हणाली.

भाऊ हसायचा थांबला. बाहेर भटजी मुलीला आणा म्हणून पुकारत होते. एरवी मी दहा जणांना दामटलं असतं, पण त्या वेळी मी हातातली वही मिटली.

"मावशी, तू खालून धर ना," लेक म्हणाली.

अक्कानं पायात अडकवलेली चप्पल काढली. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला बुकेखाली हात धरलेली अक्का, अशी माझी लेक बोहल्याशी गेली. तिथं लेकीला हातात वरमाला घ्यायची होती, म्हणून बुके अक्काकडेच राहिला. तो ठेवायला जागा शोधेपर्यंत मंगलाष्टकं सुरू झाली. बुके पोटाशी धरून ती लेकीच्या मागं उभी राहिली. नेम चुकलेल्या अक्षता तिच्या केसांत पडत होत्या आणि दोन्ही हात गुंतल्यामुळं तिला त्या झटकताही येईनात.

लेक सासरी गेल्यावर आम्ही दोघी शेवटच्या पंगतीला बसलो. मी वाढप्याला मठ्ठा मागत होते.

"एक विचारू?" अक्का पानाकडे बघत म्हणाली. "मुंडावळ्या मी रोज करते. कपाळाला गार लागत्यात का गं?"

मला खरं तर आठवत नव्हतं. माझ्या लग्नादिवशी माझं सगळं लक्ष कोण आलं, कोण राहिलं याकडेच होतं.

"लागतात," मी म्हणाले. "अगदी पहिल्यांदा. मग सवय होते."

"वाटलंच हुतं मला," ती म्हणाली आणि जिलेबीचा तुकडा मोडून माझ्या पानात ठेवला.