जांभळी झाक

माझी विद्यार्थिनी सायली हिने नव्या दिव्याच्या नखाएवढ्या काचेला वीज जोडली आणि निळा प्रकाश पडला. "वा, सुंदर!" मला कौतुकाची घाई. ती मात्र संशयाने बघत राहिली. "सर, कडेला जांभळी झाक आहे. यजमान स्वतःच चमकतोय."

या दिव्यातला जवळजवळ सगळा थर यजमान पदार्थाचा असतो, पण त्याने चमकायचं नसतं. मिळालेली ऊर्जा चिमूटभर पाहुण्या रेणूंना देऊन टाकायची आणि उजेड त्यांचा पडू द्यायचा. स्वतःकडे थोडी जरी राखली, तरी दिवा बिघडलाच.

मी मान डोलावली. मग टेबलावरच्या तिच्या शोधनिबंधाकडे लक्ष गेलं. त्यावर पहिलं नाव माझं होतं, मीच घातलेलं. वर पाहिलं, तर सायलीही तिकडेच बघत होती, त्याच नजरेने.